बर्फासाठी हातमोजे

भगवंतने दोन्ही हात पुढे धरून कातडी हातमोजे दाखवले, तेव्हा नत्थुजी आधी हसले आणि मग वाकून ते जवळून पाहू लागले.

"काढ ते," ते म्हणाले.

"काहून, काका? अमरावतीच्या लिलावातून आनले. कोन्या गोऱ्या साहेबाचे होते. पाहा तं, चामडीवर चामडी चढवल्यावानी बसले."

"म्हनूनच म्हन्तो, काढ."

चुलीपाशी पदर पुढे ओढून बसलेल्या रुख्मिणीचे सगळे लक्ष त्या बोलण्याकडे होते. नत्थुजी तिच्या नवऱ्याचे, भगवंतचे, चुलते, म्हणजे तिचे चुलत सासरे. लग्नाला सहा वर्षे झाली, तरी त्यांच्याशी ती एक शब्दही थेट बोललेली नव्हती. कुणब्याच्या घरात सुनेची रीतच तशी. काही विचारायचे तर नवऱ्याला विचारायचे, नाहीतर भिंतीला. सासऱ्यांनी उत्तर द्यायचे तेही भिंतीलाच.

उद्या सकाळी भगवंत निघणार होता. तीन वर्षे तो अकोल्यात मोजणीच्या साहेबाकडे जमीन मोजायची साखळी ओढत होता. साहेबाची बदली उत्तरेकडच्या पहाडांत झाली. तिथे बर्फाच्या डोंगरांवर चढून मोजणी करायची होती, आणि साहेबाने सोबत न्यायला जी चार माणसे निवडली त्यांत भगवंत होता. त्याने शब्द देऊन टाकला होता. आठ दिवस घरात बर्फाशिवाय दुसरा विषय नव्हता. रुख्मिणीलाही ते ऐकायला आवडत होते, कारण सांगताना त्याचे डोळे जत्रेला निघालेल्या पोरासारखे होत. पण नत्थुजी समोर आले की तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर जाई. दोन वर्षांपूर्वी ते अशाच दुसऱ्या एका साहेबाबरोबर त्याच पहाडांत गेले होते. परतले तेव्हा उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट, एवढेच उरले होते.

"माह्येही असेच घट्ट होते," नत्थुजी म्हणाले. "घट्ट बांधलं का बोटात रगत जात नाई. अन तिथं काम काय, मालूम हाय? चढनं सोपं. उतरनं कठीन. साहेब लोक काठी बगलेत दाबून टाचेवर बसतेत, अन बर्फावरून सूंऽऽ करून खाली घसरत जातेत. आपनही मागून तसंच जाचं. मजा येते, लेका, खोटं काहून बोलू! पन काठी हाच लगाम. मूठ ढिली पडली का मानूस गेला. आमच्यातला एक बाळापूरचा होता. माह्या डोयापुढं गेला. वरडलाही नाई."

भगवंतने हातमोजे काढले. बोटांच्या बुडाशी लाल वळ उठले होते.

रुख्मिणीने टोपलीतून आपण शिवलेले हातमोजे काढले आणि जमिनीवरून नवऱ्याकडे सरकवले. "त्याहिले हे दाखवा," ती हळूच म्हणाली.

त्या दोन-तीन वर्षांत वऱ्हाडात कापूस घरात राहतच नव्हता. सातासमुद्रापार कुठेतरी लढाई चालली होती, तिकडचा कापूस अडला होता, आणि इथल्या कापसाला लोकांनी कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. लोकांनी गाद्या आणि गोधड्या उसवून आतला जुना कापूससुद्धा बाजारात नेला. रुख्मिणीने मात्र माहेरची एक गोधडी लपवून ठेवली होती. तीच उसवून तिने हे हातमोजे केले होते. खादीचे दुहेरी कापड, पाचही बोटे वेगळी, आणि आत कापूस. बोऱ्यात कापूस तुडवतात तसा लाटण्याच्या टोकाने दाबून दाबून तिने तो भरला होता. कापूस जितका जास्त तितकी ऊब जास्त, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते.

"वा!" भगवंत म्हणाला. "पाहा काका, याले म्हन्तेत हात!"

नत्थुजींनी आपल्या दोन बोटांत हातमोजा दाबून पाहिला. "मेहनत लय केली सुनेनं. आता ओले करा."

रुख्मिणी चुलीमागच्या भिंतीकडे वळली. "हातमोजे का धुवाचे हायेत? ओले काहून कराचे?"

"बर्फ म्हंजे पानीच हाय," नत्थुजींनी त्याच भिंतीला सांगितले. "धा पावलं गेले का सारं वलं. कोरडी ऊब इथं अकोल्यात."

ते रिकाम्या हाती आले नव्हते. आतषबाजीवाल्याकडून पुडाभर शोरा आणला होता. थोरामोठ्यांच्या घरी उन्हाळ्यात पाणी गार करायला शोरा वापरतात, तो त्यांनी तांब्याच्या घागरीतल्या विहिरीच्या पाण्यात ओतला आणि काठीने ढवळला. थोड्याच वेळात घागरीला बाहेरून घाम फुटला. रुख्मिणीने बोट लावून पाहिले आणि झटकन मागे घेतले. माघाची सकाळ होती, अंगणात वाराही सुटला होता.

भगवंत ओले हातमोजे घालून घागरीला मिठी मारून बसला. नत्थुजींनी चिलीम भरली.

"चिलीम सरेपर्यंत सोडू नोको."

"दोन सरू द्या."

"लय शाना हाय. वाजते का थंडी?"

"नाई बा. ऊब लागून राहिली. झोप येते का काय असं वाटते." त्याने रुख्मिणीकडे पाहून डोळा मारला.

रुख्मिणी हसली नाही. ती त्याच्या जबड्याकडे पाहत होती. तो घट्ट आवळला गेला होता. भाजीत मीठ जास्त पडले की हा माणूस तिसरी भाकरी मागून घेई, पण बोलत नसे. चोळीचे माप असो की छपराची गळती, तिने केलेल्या कोणत्याही कामाला त्याने सहा वर्षांत नाव ठेवले नव्हते. पाणवठ्यावर ती हे अभिमानाने सांगत असे. आज त्याच गोष्टीची तिला भीती वाटू लागली.

चिलीम संपली. नत्थुजींनी पाच चिंचोके जमिनीवर टाकले. "उचल."

भगवंतने हातमोजे काढले. पहिला चिंचोका उचलला, दुसरा उचलला. तिसरा दोनदा निसटला.

"हात वला हाय ना," तो म्हणाला. "म्हनून. बाकी हात एकदम झकास. काका, गाड्या उद्या कितीक वाजता निंगतील?"

"तांबडं फुटल्यावर."

रुख्मिणी उठली. हात पुसून देते अशा मिषाने ती त्याच्यासमोर बसली आणि त्याचा उजवा हात तिने पदरात घेतला. बोटांची टोके मेणासारखी पिवळट पांढरी झाली होती. शिवणाची सुई तिच्या चोळीत खोवलेली होतीच. तिने ती काढली आणि त्याच्या तर्जनीच्या टोकात टोचली.

भगवंत काकांना गाडीच्या बैलांविषयी विचारत होता. तो विचारतच राहिला.

तिने सुई आणखी थोडी आत ढकलली. रक्ताचा थेंब सावकाश वर आला, फुगला आणि पदरावर पडला.

"इकडं पाहा," ती म्हणाली.

भगवंतने खाली पाहिले. बोटात सुई उभी होती. त्याचे तोंड उघडे राहिले. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते तिने आजवर तिथे कधी पाहिले नव्हते. तो घाबरला होता.

रुख्मिणीने सुई उपसली, बोट पदरात दाबून धरले आणि मान वर करून सरळ नत्थुजींच्या डोळ्यांत पाहिले. पदर डोक्यावरून घसरला होता. तो तिने सावरला नाही.

"मामाजी, तुमची बोटं गेली तवा तुमाले समजलं होतं का?"

नत्थुजींनी भिंतीकडे पाहिले नाही. "नाई, बाई. दिसभर ठनकत होती. सांजच्याला दुखनं बंद झालं, तं मले बरं वाटलं. म्हटलं, चला, सुटलो एकदाचा. रातभर निवांत झोपलो."

"मंग काय घालाचं? कातडं नाई, कापूस नाई."

"लोकर. वली झाली तरी ऊब धरते. अन सैल पाहिजेत. आत मूठ फिरली पाहिजे."

मोर्णा नदीकाठच्या एका शेतात धनगरांनी मेंढरे बसवली होती. रुख्मिणी सुपात जवारी घेऊन तिकडे निघाली, आणि रस्त्यात कोणी हाक मारली तर थांबलीसुद्धा नाही. मैनाबाई धनगरीण पालापुढे लोकर पिंजत बसली होती. तिने रुख्मिणीला पायापासून वरपर्यंत न्याहाळले.

"अगंबाई! कापूसवाल्याची मालकीन आमच्या दारी? सोन्याचा भाव आला म्हने तुमच्या कापसाले. त्याचीच घोंगडी कर ना."

"कापूस हरला, मावशी." रुख्मिणीने सगळे सांगितले. सुईपाशी आल्यावर तिने पदरावरचा रक्ताचा डाग दाखवला.

मैनाबाईची थट्टा तिथेच थांबली. तिने पालातून एका जुन्या घोंगडीचा तुकडा आणला. धुऊन धुऊन तो आटला होता, आणि लोकर कुटून केलेल्या नमद्यासारखा दाट झाला होता. "नवी नोको घेऊ, ती आटते. ही जेवढी आटाची तेवढी आटली. अन बोटं कशी केली होती तू?"

"पाची येगळी."

"थेच चुकलं. कोकरू एकटं ठेवलं तं थंडीनं मरते, चार जवळ ठेवले तं सकाळी उड्या मारते. आंगठा तेवढा येगळा काढ, चार बोटं एका घरात राहू दे. आतून ही पिंजलेली लोकर लाव. दाबू नोको, नुस्ती बसव. दाबली का मेली."

रुख्मिणीने जवारीचे सूप पुढे केले. मैनाबाईने त्यातली अर्धी घेतली, अर्धी परत केली. "पाय उचल आता. दिवस कलला."

घरी येऊन तिने नवऱ्याचा हात जमिनीवर ठेवून कोळशाने भोवती रेघ ओढली. मग त्या रेघेबाहेर बोटभर जागा सोडून दुसरी ओढली. कात्री घोंगडीत चालेना. अंगठ्याला फोड आला. ज्या हाताला दाबून भरायची सवय, त्याला सैल सोडणे जड जात होते. दोनदा तिने लोकर ठासलेली पाहून पुन्हा उपसली. भगवंत शेजारी बसून सुया ओवून देत होता.

ऊन अंगणाच्या टोकाला गेले तेव्हा हातमोजे झाले. नत्थुजींनी घागरीत उरलेला शोरा ओतला. हातमोजे भिजवून पिळले. भगवंतने ते घातले, घागरीला हात लावले आणि चिलीम पेटायच्या आतच म्हणाला, "झकास!"

रुख्मिणी ताडकन उठली.

"अजून गार लागलं नाई तं झकास कसं झालं?" तिचा आवाज चढला. नत्थुजी समोर आहेत याची तिला शुद्ध नव्हती. "माह्यासाठी गोड बोलून राहिले न तुमी? नोका बोलू! तिथं पहाडावर मी नाई सुई घेऊन बसली. तिथं कोन पाहीन तुमच्या बोटाकडं? मले बरं वाटावं म्हनून हात घालवून येसान, तं मंग म्या त्या हाताचं काय करू?"

भगवंतने मान खाली घातली. नत्थुजी चिलमीतला निखारा फुंकत राहिले.

घागरीवरचा घाम ओघळून खाली टिपकत होता. रुख्मिणी खाली बसली आणि पाहत राहिली, आधी त्याच्या जबड्याकडे, मग मनगटाकडे, मग पुन्हा जबड्याकडे. चिलीम अर्धी झाली. त्याच्या कपाळावर आठी पडली. ती तिने पाहिली, पण विचारले नाही. ओठ दाताखाली धरून ती थांबली.

"उजव्याच्या आंगठ्यापाशी लागून राहिलं," तो अखेर म्हणाला. खूप हळू.

"कुठं?"

"मुळाशी. शिवण रुतते. मूठ आवळली का जास्त. अन करंगळी…" तो थांबला. आत बोटे हलवून पाहिली. "करंगळी गार हाय. बाकीची तिन्ही ऊबेत हायेत, खरंच हायेत. पन करंगळीपाशी लोकर कमी बसली."

"अजून?"

त्याने तिच्याकडे पाहिले. अजून सांगू का, असे ते पाहणे होते.

"सांगा ना."

"डावा उजव्यापेक्षा वाईट शिवला तू. घाई केली."

नत्थुजींच्या घशातून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता. रुख्मिणीचे डोळे भरून आले होते, पण ते पुसायला तिला वेळ नव्हता. दिवस मावळायला घटकाभर उरली असेल. तिने त्याच्या हातातून दोन्ही हातमोजे ओढून काढले, आधी डावा मांडीवर घेतला, आणि शिवणीचा पहिला टाका दाताने तोडला.