चार बोटं कोरी जागा

लोक मले भांडकुदळ म्हणतात. म्हणू द्या! गोंदियात एकटी बाई छापखाना चालवते म्हटल्यावर गोड बोलून भागते काय? माहा नवरा केशोराव मानमोडीच्या साथीत गेला, तवा दीर म्हणाले, "वयनी, मशीन विकून टाका." मी म्हटलं, "मशीन राहील, तुमी निघा." केशोरावच्या बाजूला बसून मी खिळे जुळवणं शिकली होती. उलटी अक्षरं मले सुलट्यापेक्षा लवकर वाचता येतात. त्या गोष्टीले वीस वर्षं झाली.

लग्नपत्रिका छापल्या, बाजाराची पत्रकं छापली, पण जीव होता दंडारीच्या गाण्यांत. दिवाळी सरली का आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडईत दंडार उभी राहते. ढोलकी, झांजा, लुगडं नेसलेले नाचे, अन् मधात शाहीर. त्या शाहिराचं गाणं चार पानांत छापायचं अन् मंडईत गोणपाटाचा बोरा अंथरून विकायचं, हा माहा धंदा. वीस वर्षांत तीस गाणी छापली. एकेक प्रत लोखंडी पेटीत जपून ठेवली.

पण तीसही गाणी लांडी!

कारण शाहीर लोक शेवटचं कडवं छापाले देतच नव्हते. त्या कडव्यात शाहिराचं नाव येते. ते कडवं ज्याच्या तोंडी, त्याचं गाणं, असा रिवाज. छापून गेलं तं दुसऱ्या गावची दंडार उद्या उचलून नेईल, ही धास्ती. शेवटच्या कडव्याची तालीम असली का घरच्या बायामाणसांलेही बाहेर धाडत. मग मी काय करत होती? प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चार बोटं जागा कोरी सोडत होती. गिऱ्हाईक म्हणे, "बाई, कागद काऊन फुकट घालवता?" मी म्हणे, "तुह्या बापाचा हाय का कागद? भरीन कवातरी."

भरणार कवा? शाहीर एकेक करून मरून राहिले होते. आमगावकडचा पुनाराम गेला, सालेकशाकडचा मंगरू गेला. त्यांची कडवी त्यांच्यासंगं जळली. तिसांतली अठरा गाणी अशी कायमची तुटली. उरली बारा, अन् ती बाराही एकट्या बिसरामची. नवेगाव बांधचा बिसराम, सत्तरीचा म्हातारा. तो गेला तं माही पेटी म्हणजे नुसती रद्दी.

त्याच दिवसांत चुन्नीलाल शेठ आला. त्याचा बोलत्या सिनेमाचा तंबू. म्हणाला, "देवकाबाई, छोड़ो ये पुराना माल. अब दंडार कौन देखेगा? मेरे इश्तेहार छापो, बस." त्याचे इश्तेहार छापून दिले, अन् वरून सुनावलं, "शेठ, तुमचा पडदा वारा सुटला का फाटते. माणसाच्या तोंडातलं गाणं नाई फाटत." तो हसला. मले असा राग आला, का दुसऱ्याच दिवशी छापखान्याले कुलूप ठोकून मी नवेगावची वाट धरली.

बिसराम ओसरीत खाटेवर बसला होता. त्याची बायको शामकला दाराशी उकडलेले शिंगाडे सोलत होती.

"तलावाच्या गाण्याचं शेवटचं कडवं पाहिजे, बिसरामभाऊ," मी सरळच म्हटलं. गावच्या तलावाची पाळ, म्हणजे बांध, कशी घातली त्याचं; ते त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं.

"नाई."

"काऊन नाई?"

"माह्या गुरूनं सांगतलं हाय. शेवटचं कडवं कागदावर गेलं का शाहीर मेला."

"अन् शाहीर मेला का कडवं कुठं जाते, ते नाई सांगतलं गुरूनं?"

म्हातारा उसळला. "तू मले मारासाठी आली का वो?"

"नाई गा. तुमी मेल्यावरही तुमचं गाणं जगावं म्हणून आली. बरं, देऊ नका. एकदा म्हणून तं दाखवा. हे घ्या कागद, ही घ्या पेन्सिल, तुमच्याच उशीखाली ठेवा."

त्याले तेवढा भरवसा पुरला. ढोलकी मांडीवर घेतली. अहाहा, काय आवाज तो! सत्तरीतही खणखणीत. तीन कडवी झाली. मग त्यानं चौथं उचललं, "बिसराम म्हने..." अन् थांबला. बोटं वाजतच होती. पुन्हा म्हणाला, "बिसराम म्हने..." पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा त्यानं ढोलकी बाजूला सारली अन् तोंड भिंतीकडं फिरवलं.

तवा माह्या ध्यानात आलं. मागच्या तीन मंडयांत शेवटाले ढोलकी उगाच जोरात वाजत होती. लोकांले वाटे, रंग चढला. रंग कायचा! म्हातारा कडवं विसरला होता. इतकं लपवलं, इतकं लपवलं, का आठवण करून देणाराही कोणी उरला नव्हता. मले त्याची कीव आली अन् संतापही आला. वाटलं, याले खाटेसकट तलावात टाकावं अन् तिथंच बसून रडावं.

शामकलानं मान वर केली नाई. शिंगाडा सोलता सोलता, दळणावर म्हणावं तशा हळू आवाजात ती म्हणाली,

"बिसराम म्हने, हजार हातांनं पाळ बांधली, नाव झालं एकाचं,
पाखरू येते, पानी पिते, पुसत नाई कोनाचं."

बिसराम भिंतीकडून गरकन वळला.

"तुले कसं मालूम?" बिसरामचा आवाज फाटला. "मी तं तुले पान्याले धाडत होतो!"

"धाडत होते. मी रिकामी घागर घेऊन सांदीत उभी राहत होती. चाळीस वर्षं."

"मंग आतापावतर बोलली काऊन नाई?"

"तुमी पुसलं कवा?"

 म्हातारा तिले सोडून माह्यावर धावला. "ऐकलं तं ऐकलं. पन छापशील तं तुह्या छापखान्याले आग लागो!"

"लागू द्या," मी म्हटलं. "कडवं छापून झाल्यावर लागू द्या."

शामकलानं हातातली सुरी खाली ठेवली. नवऱ्याकडं पाहिलं, मग माह्याकडं. म्हणाली, "छाप वो बाई."

मी छापलं. पाचशे प्रती, अन् शेवटचं पान गच्च भरलेलं. नवेगावच्या मंडईत अर्ध्या दिवसात निम्म्या खपल्या. दुपारी बिसरामची दंडार उभी राहिली. माह्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाई. तीन कडवी झाली. "बिसराम म्हने..." म्हणाला अन् अडकला. कडवं कानावर पडून महिना झाला होता, पण जिभेवर काई बसलं नव्हतं. ढोलकीवाल्यानं सवयीनं थाप वाढवली.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून एक आवाज निघाला. शामकलाचाच. "हजार हातांनं पाळ बांधली..." बाजूच्या बाया दचकल्या, मग त्यांनीही धरलं. ज्यांच्या हातात पुस्तक होतं ते वाचून म्हणाले, ज्यांले वाचता येत नव्हतं ते ऐकून म्हणाले. शेजारच्या गावची दंडार पाळी पाहत उभी होती, ते नाचेही लुगड्याचे पदर खोचून म्हणाले. ढोलकीवाल्यानं हात आखडला. सारी मंडई म्हणून राहिली होती, अन् मधात बिसराम मुका उभा.

 मले वाटलं, आता हा पागोटं फेकून घरी जाते, अन् याचं पाप माह्या माथी.

गेला नाई. लोक थांबले तवा त्यानं गळा साफ केला, अन् तेच कडवं स्वतः म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं. त्याचे डोळे वाहून राहिले होते अन् आवाज मात्र सुरात होता.

दंडार संपली तशी तो माह्या बोऱ्यापाशी आला. मागं शामकला. मी तयारच होती. शिवी आली तं दोन परत करीन, असा पदर खोचून बसली होती. त्यानं माही पुस्तकं हातानं बाजूला सारली अन् बायकोले म्हणाला, "बस इथं."

ती बसली.

"लिही," तो मले म्हणाला. "आनखी अकरा हायत. मले येवोत ना येवोत, इले सारी येतात."

"इथं? येवढ्या लोकांत?" मी पुसलं.

"काऊन? लपून आयकलं तेवढं पुरे झालं," शामकला म्हणाली. डोक्यावरचा पदर नीट केला, अन् भर मंडईत, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या देखत, गळा मोकळा सोडून तिनं दुसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं धरलं.