हरण्यासाठी उमेदवार पाहिजे

लोकशाही वरून लादता येत नाही. ती माणसाच्या अंतःकरणातून उगवावी लागते. ग्लोगोवो गावात ती एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळच्या टपालाने आली. सोबत जिल्हा कचेरीचा शिक्का होता.

पक्षाचा सेक्रेटरी वेल्चो याने परिपत्रक दोनदा वाचलं. पक्षाचं नाव वर्षभरापूर्वीच कम्युनिस्टचं समाजवादी झालं होतं, निशाणीवरचा हातोडा जाऊन गुलाब आला होता. आता पक्षाचा सरपंचपदाचा उमेदवार सभासदांनी गुप्त मतदानाने निवडायचा होता, आणि नावं किमान दोन हवी होती.

पहिलं नाव वेल्चोचं, यात वाद नव्हता. बावीस वर्षं त्याला प्रत्येक पदावर नेमलं होतं. निवडलं कोणीच नव्हतं. एकदा तरी लोकांनी आपल्याला आपणहून निवडावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. अडचण दुसऱ्या नावाची होती. तो पाळणाघराच्या स्वयंपाकघरात गेला. तिथली स्वयंपाकीण त्सोनका मिरच्या भाजत होती.

"वहिनी, तुम्हाला माझ्याविरुद्ध उभं राहायचंय."

"अगंबाई! मी काय घोडं मारलंय तुझं?"

"काही नाही हो. नुसतं उभं राहायचं आणि हरायचं."

"मागे असंच म्हणून मला सोविएत मैत्री समितीची अध्यक्ष केलंस. चार वर्षांत एक मित्र दिसला नाही."

"आता तोही त्रास नाही."

"भाषण?"

"नको."

"मग लिही नाव. आणि सर बाजूला, मिरच्या करपतायत."

रविवारी दुपारी सांस्कृतिक भवनात एकूण एक, एक्केचाळीस सभासद हजर होते. सभेला दांडी मारायची नसते, ही सवय अजून मोडली नव्हती. वेल्चोने नीट समजावलं, "सगळी मतं एकाच नावाला पडली तर जिल्हा म्हणेल, यांचं जुनंच चाललंय. तेव्हा त्सोनका वहिनींनाही मतं पडली पाहिजेत."

"कोणी द्यायची?" म्हाताऱ्या मिन्योने विचारलं. तो सामुदायिक शेतीवर ट्रॅक्टर चालवायचा.

"ज्याला वाटेल त्याने."

"म्हणजे कोणी?"

"मिन्यो काका, गुप्त मतदान आहे. ते मी कसं सांगू?"

सभासद एकमेकांकडे बघू लागले. असं वाऱ्यावर त्यांना याआधी कोणी सोडलं नव्हतं.

मोजणी झाली. त्सोनका चाळीस, वेल्चो एक.

"ते एक माझं," त्सोनका ओशाळून म्हणाली. वेल्चोने स्वतःचं मत, सभ्यता म्हणून, तिलाच दिलं होतं.

"काका, निदान तुम्ही तरी!" वेल्चो मिन्योकडे वळला.

"अरे, तूच म्हणालास ना, त्सोनकाला मतं पडली पाहिजेत? स्वतःचं नाव तू घेतलंसच नाहीस," मिन्यो दुखावून म्हणाला. "बावीस वर्षांत तुझा शब्द कधी खाली पडू दिलाय आम्ही?"

वेल्चोने सभागृहात नजर फिरवली, तर त्सोनका सोडून बाकीचे एकोणचाळीस चेहरे कामगिरी फत्ते केल्यासारखे खुलले होते. त्यांतल्या एकानेही त्याचा शब्द मोडला नव्हता. कोणीतरी राकियाची बाटली उघडली, तेव्हा पहिला पेला त्यालाच दिला. आणि दुसऱ्या पेल्यानंतर त्याला वाटू लागलं, की निवडून येणं म्हणजे तरी आणखी काय असतं?

सोमवारी त्याने जिल्ह्याला भीतभीत फोन केला.

"तुम्ही हरलात?" पलीकडचा साहेब जवळजवळ ओरडलाच. "शाब्बास! बाकीच्या नऊ गावांत निवडी झाल्या, सेक्रेटरी एकही हरला नाही. फोटो पाठवा, पेपरात छापू."

वेल्चो त्याच दुपारी दाढी करून, टाय बांधून फोटो काढून आला.

ऑक्टोबरातल्या निवडणुकीत त्सोनका सरपंच झाली. तिच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नव्हतं.