चिखल तुडवणारा पाय

मुलांनो, घडीभर डोळे मिटा आणि बघा. पेणजवळचं खाडीकाठचं गाव, माणसांनी भरलेलं अंगण, मधोमध खाटेवर हरेश. मिठागरातला उमदा गडी. पण मेंदूत रक्तस्राव झाला आणि वाचा गेली, उजवा पायही निकामी झाला. पायाशी पोपट महाराज. त्यांनी लिंबू ओवाळलं, "खाडीआई, उठव तुझा गडी!" असं ओरडून हरेशचं पाऊल झटक्यात वर दाबलं.

पाऊल थडथड हलू लागलं!

हंगामाआधी मिठागरातला चिखल असाच पायांनी तुडवून घट्ट करतात. तिथल्या प्रत्येकाने तो तुडवला होता. त्यामुळे सगळ्यांना तेच दिसलं.

"चिखल तुडवतोय गो माझा हरेश!" त्याची आई गिरजाबाई रडू लागली.

"मंग? ती व्यायामवाली बाई बंद केलीत, ती आता बंदच ठेवा," महाराज म्हणाले. "देवीला भागीदार चालत नाय."

हरेशची लेक किमया ते पाऊल निरखत होती. काल बापाच्या पायात चप्पल सरकवताना तिचा हात जोरात लागला, तेव्हाही पाऊल असंच थडथडलं होतं. ना लिंबू, ना मंत्र! आज शाळा सुटताच ती रामवाडीला गेली होती, व्यायाम शिकवणाऱ्या भूमिकाताईंकडे.

"स्नायूंत ताण ओळखणारे बारीक तंतू असतात," ताईंनी सांगितलं. "ते किती जागे ठेवायचे, हे मेंदूच्या देठातून आणि लहान मेंदूतून येणारे निरोप ठरवतात. बाबांच्या मेंदूच्या देठाला इजा झाली, तंतूंना आवरणारे निरोप तुटले. आता पाऊल झटक्याने दाबलं की पोटरी ताणते, तंतू बोंब मारतात, पोटरी आखडते आणि पाऊल खाली ओढते. हात दाबूनच ठेवला की पुन्हा ताण, पुन्हा बोंब."

"म्हंजे बाबा बरे होत नायत?"

ताईंनी नकारार्थी मान हलवली. "रोज सावकाश ताण दिला असता, तर पाऊल इतकं आखडलं नसतं गो. आताही द्यायला हवा."

हे आठवून किमया अंगणात पुढे झाली. बापाचं पाऊल झटक्याने दाबलं. थडथड!

"पोरीच्या अंगात आई आली!" महाराज ओरडले.

"मंग माझ्या पण आणतो," म्हणत शेजारचे मोतीरामकाका उठले. त्यांनी दाबलं. थडथड! कोणीतरी फिसकन हसलं. महाराज लिंबं गोळा करू लागले.

हसली नाही ती गिरजाबाई. तिने नातीचा हात धरला. "परत हलव गो. खोटं असलं तरी हलू दे."

हरेशच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. त्याला सगळं कळत होतं.

मुलांनो, चमत्कार दिसला की आधी विचारा, मंत्राशिवाय हे होतं का? स्वतः करून बघा, जाणत्याला विचारा. उत्तर कडू निघालं तरी विचारा. कारण चमत्काराची वाट बघण्यात हरेशच्या पायाच्या व्यायामाचे दिवस वाया गेले.

किमयाने बापाचं पाऊल मांडीवर घेतलं आणि ताईंनी शिकवल्यासारखं सावकाश, अगदी सावकाश दाबलं. पाऊल हललं नाही. आजीचे हुंदके ऐकत ती तशीच दाबून बसली.