खालच्या मजल्यावरचं पाणी

पिंजऱ्यात एकतीस मासे होते आणि एकतीसच्या एकतीस मेलेले होते. सर्वांत लांब सत्तेचाळीस सेंटिमीटर, सर्वांत आखूड अडतीस. तोंडं उघडी, कल्ले पसरलेले, अंगावर जखम एकही नाही. भाचीने वहीत एवढं लिहिलं आणि मामांकडे पाहिलं. मामांचं तोंडही माशांसारखंच उघडं होतं.

"विष!" मामा म्हणाले. "माझ्यावर डूख धरून कुणीतरी विष टाकलंय."

मामा मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. चार वाजता सभा होती. तिथे हेच मासे टबात जिवंत मांडून ते सांगणार होते, की तळं माशांनी ओसंडतंय, रोजची मर्यादा चाळीस पेट्यांवरून सत्तर करा. ती चाळिसाची मर्यादा भाचीनेच गेल्या वर्षी तळ्याचा अभ्यास करून घालून दिली होती. पहिलीच नोकरी, पहिलाच आकडा. सत्तर पेट्या निघायला लागल्या तर अंडी घालणारे मोठे मासे विणीच्या हंगामाआधीच संपतील, असं तिचं गणित सांगत होतं. पण जाळी भलतंच सांगत होती. मासेमारीच्या हंगामाच्या सुरुवातीला एका जाळ्यात सरासरी बारा मासे यायचे. आता ऐन उन्हाळ्यात सव्वीस. होडीवाले तिला 'मोजणीबाई' म्हणत, आणि हल्ली म्हणताना हसतही.

"मामा, पिंजरा सोडला कुठे होता?"

"नेहमीच्याच जागी, धक्क्याच्या टोकाला. फक्त जरा खोल. वरचं पाणी चहासारखं तापलंय. म्हटलं, खाली गारव्याला राहतील."

"किती खोल?"

"दोर संपेपर्यंत."

मामी शेजारीच तराजू पुसत होत्या. "त्यात माझा कपडे वाळत घालायचा दोरही जोडलाय," त्या म्हणाल्या. "घरातले कपडे खुर्च्यांवर वाळतायत आणि मासे चाललेत थंड हवेला!"

भाचीने दोर मोजला. नऊ मीटर. मग तिने पेटीतून ऑक्सिजन मोजायचं मीटर काढलं आणि त्याची तार पाण्यात सोडली. काठाजवळ बोटाएवढी पिल्लं मजेत फिरत होती, म्हणजे विषाची गोष्ट तिथेच निकालात निघाली होती. तरी मामांची समजूत आकड्यानेच पटेल, हे तिला माहीत होतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तीन मीटरवर लिटरमागे सात पूर्णांक आठ मिलिग्रॅम. सहावर चार पूर्णांक एक. नऊवर शून्य पूर्णांक चार.

"खाली हवाच नाही, मामा. उन्हाने वरचं पाणी हलकं झालंय, ते खालच्या गार, जड पाण्यावर तरंगतंय. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खाली पालापाचोळा कुजतोय, त्याने होता नव्हता तो ऑक्सिजन खाल्लाय."

मामा पिंजऱ्यापाशी खाली बसले. "म्हणजे मीच यांना कोंडून मारलं."

"माझ्या दोराने," मामी म्हणाल्या.

"आणि पिंजऱ्याबाहेरचे?" मामांनी विचारलं. "ज्यांना पळता आलं ते?"

"ते वर आले. झाडून सगळे. बरोबर तुमची जाळी असतात तिथे."

मामांनी डोकं खाजवलं. मग त्यांना हसू फुटलं. "अस्सं! खालच्या मजल्यावर राहवेना म्हणून सगळं बिऱ्हाड माडीवर आलं, आणि मी म्हणतोय घरात माणसं वाढली! गर्दीलाच बरकत समजलो की मी."

चार वाजता मामांनी टब सभेच्या टेबलावर ठेवला, मेलेल्या माशांसकट.

"मी मूर्ख आहे," ते म्हणाले, "आणि पुरावा सोबत आणलाय."

"पुराव्याची काय गरज होती, अध्यक्ष?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सभा पाच मिनिटं हातची गेली.

हसू ओसरल्यावर मामांनी मजल्यांची गोष्ट सांगितली. सर्वांत म्हाताऱ्या होडीवाल्याने ती कान देऊन ऐकली आणि भाचीला विचारलं, "मोजणीबाई, गारठा पडून पाणी पुन्हा एक झालं, की जाळ्यामागे किती येतील?"

भाचीने वही उघडली. "चाळिसावर थांबलो तर बाराच्या आसपास."

"आणि नाही आले तर?"

"तर मी खुर्ची सोडतो," मामाच बोलले, "आणि ही उद्यापासून मामीचा तराजू पुसते."

"आधी माझा दोर सोडा," मामी म्हणाल्या.

मर्यादा चाळीसच राहिली. मामा मात्र रोज सकाळी धक्क्यावर येऊन विचारू लागले, "खालचा मजला काय म्हणतोय?" भाची आकडा सांगायची, ते मान हलवून होडीकडे जायचे.

सात आठवड्यांनी तीन दिवस सलग गार वारा सुटला. चौथ्या सकाळी मीटरची तार मामांनी स्वतः धरली. नऊ मीटरवर सात पूर्णांक दोन. मग दहा जाळी वर आली. भाचीने मासे मोजले, मामांनी ते पुन्हा मोजले.

एकशे एकवीस मासे. जाळ्यामागे बारा पूर्णांक एक.