तांबड्या रेघेची माणसं

करंजकोंडात माणसं किती, हे गोदा सुइणीला विचारावं. साडेपाचशे. निम्म्यांची नाळ तिनं स्वतः कापून परड्यात पुरलेली, उरलेल्यांची तिच्या सासूनं. पण सरकारच्या कागदात गाव भरलं दोनशे सत्त्याऐंशी, आणि ते ऐकून गोदेच्या अंगाचा तिळपापड झाला.

खानेसुमारीचं काम शाळेच्या हरिश्चंद्र मास्तरांकडे होतं. पौषात त्यांनी घरोघर हिंडून सगळ्यांची नावं काळ्या शाईनं लिहिली. मग ठरल्या दिवशी पुन्हा फिरून, जे गावात नव्हते त्यांच्यावर तांबड्या शाईनं रेघ मारली. हुकूमच तसा होता. त्या रात्री जो जिथं निजेल तो तिथला. आणि दिवस कुठला धरला, तर शिमग्याच्या आधीचा आठवडा! अर्धं गाव मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. एरवी रजा मिळो न मिळो, शिमग्याला पालखी खांद्यावर घ्यायला ही माणसं येणारच, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. सरकारला तेवढं कळलं नाही.

जिल्ह्याच्या लोकल बोर्डाचा नियम असा की पाचशे वस्ती असेल त्याच गावाला पक्का साकव, म्हणजे ओढ्यावरचा पायपूल. पावसाळ्यात गावालगतचा ओढा, म्हणजे पऱ्या, भरला की करंजकोंडाचं बेट होई. पलीकडे अर्ध्या कोसावर मोटारीचा रस्ता, तिथून रत्नागिरीचा दवाखाना. गेल्या श्रावणात गावातली राही आडवं मूल पोटात घेऊन डोलीत अलीकडच्या काठावर दुपारभर कण्हत पडली, आणि पाणी उतरायच्या आधी गेली. गोदेचा हात तिच्या पोटावर होता. आता गोदेच्या सुनेला, तुळसाला, चौथा महिना होता. म्हणजे दिवस भरणार ते श्रावणातच.

शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी बोर्डाचा ओव्हरसियर गावात आला. माळावर पालखी नाचत होती, मुंबईहून आलेले अडीचशे पुरुष घामाघूम होऊन तिच्याभोवती उभे होते. गोदेनं त्याला वाटेतच अडवलं आणि आता मोजा म्हणाली. तो हसला. ही माणसं मुंबईच्या हिशेबात गेली, कागद वर पोचला, आता ब्रह्मदेव आला तरी आकडा फिरायचा नाही, असं त्यानं समजावलं.

"सायब, तुमचा गाव कुठला?"

"चिपळूण."

"त्या रातीला निजलाव कुठं?"

"रत्नागिरीत. का?"

"मग चिपळूण तुमचा नाय. सांगा जावन आयशीला."

माणसं हसली. ओव्हरसियरनं खिशातलं घड्याळ पाहिलं आणि तो वाटेला लागला. हसून काय होणार होतं? रजा संपायच्या आत पुरुषांनी पोफळीचे सोट टाकून साकव घातला, आणि ते मुंबईला गेले. आषाढातल्या पहिल्या मोठ्या पुरात तो वाहून गेला.

श्रावणात भर दुपारी तुळसाला कळा लागल्या. मूल पायाळू. डोली काठावर आली आणि तिथंच थांबली, राहीची थांबली होती त्याच दगडापाशी. सुनेच्या किंकाळ्या ऐकत गोदेनं मूल पायांकडून सोडवलं. मुलगा झाला. तुळसा वाचली ती देवाची कृपा, बोर्डाची नव्हे.

नाळ गोदेनं काठावरच पुरली. बाळ-बाळंतिणीला घरी पोचवलं आणि तशाच ओल्या लुगड्यानं ती शाळेच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

"मास्तर, एक वाढला. आज हितंच निजणार हाय. लिवा."

मास्तरांनी मान खाली घातली. पुढची मोजणी आता दहा वर्षांनी, ते हळूच म्हणाले.

"तवर बापूस त्याला ममईला नेल," गोदा म्हणाली. "तांबडीच शाई काढा."