डायलिसिसची सायकल

रत्नमाला शेंडे कारध्याच्या पुढच्या पाच गावांत सायकलवरून टपाल वाटायची. आता टपाल म्हणजे काय, तर बँकेची पाकिटं, आधार कार्डं आणि कोर्टाच्या नोटिसा. पत्र म्हणावं असं पत्र वर्षातून एखादं. तरी पिशवी उघडली की तिची नजर आधी एकच अक्षर शोधायची, गुड्डीचं. गुड्डी म्हणजे तिची पाठची बहीण, सडक अर्जुनीजवळच्या एका गावात दिलेली. तसे दोघींकडे फोन होते, फोनमध्ये एकमेकींचे नंबरही होते. पण सहा वर्षांत एकीनेही बटण दाबलं नव्हतं, म्हणून ही वेडी पत्राची वाट पाहायची.

गुड्डीचं लग्न झालं तेव्हा ते गाव भंडारा जिल्ह्यातच होतं. पुढे जिल्ह्याचे दोन झाले, ती गोंदियात गेली आणि ही भंडाऱ्यात राहिली. त्यांची आई चंद्रभागाबाई तेव्हा म्हणाली होती, "सरकारनं वेगळं केलं तं केलं, तुमी नोका होऊ." सरकारच्या हातून झालं नाही ते शेवटी आईच्याच मरणाने झालं.

आई गेली ती भर श्रावणात, पहाटे. भाऊ नव्हता, म्हणून सगळे रत्नमालाच्या तोंडाकडे पाहत होते. गुड्डी निघाली होती, पण चुलबंद नदीला पूर होता आणि रस्ता बंद होता. ती आडवाटेने येतच होती. इकडे आभाळ भरून आलेलं. म्हातारी माणसं म्हणाली, पाऊस लागला तर लाकडं पेटायची नाहीत, आटपून घ्या. रत्नमालाने मान हलवली. गुड्डी चिखलाने माखून दीड तासाने पोचली तेव्हा आईचं तोंड पाहायला उरलं नव्हतं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तू माही वाट नाही पाहिली." मोठ्या बहिणीला ती बाईच म्हणायची. आणि त्याच पावली परत गेली. पाऊस मात्र त्या दिवशी आलाच नाही. 

तर अशा या रत्नमालाला भंडाऱ्याच्या प्रविणसरांनी गाठलं. प्रविणसर बँकेत कारकून, आणि रविवारी डोक्यावर टोपलीसारखं हेल्मेट घालून जंगलात सायकली पळवणाऱ्या मंडळाचे म्होरके. डिसेंबरात त्यांनी एक फेरी ठेवली होती. भंडाऱ्याहून निघायचं, कोक्याच्या जंगलाच्या कडेने कच्च्या वाटांनी जायचं आणि परत यायचं, पन्नास किलोमीटर. हौसेची फेरी नव्हे. डायलिसिसला लागलेल्या गरीब पेशंटांच्या मदतीसाठी. सायकल मंडळ देणार, अगदी गिअरची, जाड चाकांची. अट एकच होती. प्रत्येकाने किमान पाच हजार रुपये वर्गणी गोळा करून आणायची, नाही आणली तर फेरीत जागा नाही.

"ताई, तुम्ही रोज पंचवीस किलोमीटर चालवता. तुम्हाला काय अवघड आहे?" प्रविणसर म्हणाले.

चालवणं अवघड नव्हतंच. अवघड होतं ते मागणं. पण रत्नमालाच्या मनात भलतंच आलं. जन्मभर ती पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या पत्त्यावर गेली होती. एक दिवस बिनापिशवीचं, नुसतंच जावं. तिने हो म्हटलं.

प्रविणसर शहरातले, त्यामुळे हौशी. त्यांनी प्रत्येक सायकलवाल्याचं वेगळं पावतीपुस्तक छापून घेतलं. वर मोठ्या अक्षरात 'किडनीग्रस्तांना मदतीचा हात', मधे रत्नमालाचा फोटो, खाली तिचं पूर्ण नाव आणि गाव. सायकल हा शब्द कुठेतरी तळाला, मुंगीएवढा.

आता आपल्याकडे पावतीवर कोणाचा फोटो असतो, हे सांगायला नको. जो आजारी, त्याचा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर असे फोटो किती वेळा फिरले होते, आणि गावाने दहावीस का होईना, प्रत्येकाला दिले होते. त्यात जंगलवाटांच्या सरावाने रत्नमाला महिनाभरात वाळून निम्मी झालेली, उन्हाने काळवंडलेली. रविवारी सकाळी ती पुस्तक घेऊन निघाली आणि एकाही घरी तिला तोंड उघडावं लागलं नाही. लोक फोटो बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि मुकाट्याने नोटा पुढे करायचे. ती मनात म्हणाली, गाव किती सुधारलं!

शेजारच्या तुळसाबाईकडे उलगडा झाला. म्हातारीने कनवटीचे शंभर काढले, वर एक पपई दिली आणि गळ्यात पडून रडायलाच लागली.

"माय, काहून लपवलं तुनं? किती दिवसापासून हाय हे?"

"काय हाय?"

"किडनी."

रत्नमाला आधी हसली, मग घाबरली. "मावशी, मले काई नाही झालं. हे दुसऱ्यायसाठी होय. मी सायकल चालवून राहिली."

"हो माय, चालव," तुळसाबाई डोळे पुसत म्हणाली. "जीवाले बरं वाटते तं चालव."

रत्नमाला उलट पावली निघाली आणि प्रत्येक घरी जाऊन सांगत सुटली की मी धडधाकट आहे, पैसे परत हवे असतील तर घ्या. झालं भलतंच. जेवढं ती नाही म्हणे, तेवढं गावाचं पक्कं होई. बिचारी लपवते, धीराची आहे, नवऱ्यालाही सांगितलेलं दिसत नाही! नवरा ताराचंद वरठीच्या कारखान्यात कामाला. त्याला गेटवरच दोघांनी मिठी मारली. तो घरी आला तो पांढराफटक. त्याची समजूत घालता घालता तिच्या नाकी नऊ आले. गावाने सायकलला नाव ठेवलं, डायलिसिसची सायकल. पैसे मात्र कोणीही परत घेतले नाहीत. तुळसाबाई म्हणाली, "दिलं ते दिलं. कोणाच्या तरी कामी येईनच ना."

पाच हजारांचे सहा हजार झाले. फेरीची जागा पक्की झाली. रत्नमालाला वाटलं, चला, विषय संपला.

फेरीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती टपाल वाटून तीन वाजता घरी आली तर ओट्यावर गुड्डी बसलेली.

रत्नमालाच्या हातातून सायकल सुटली ती तशीच आडवी झाली. गुड्डीचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. लुगड्याला धानाचा कोंडा चिकटलेला, म्हणजे खळ्यावर मळणी चालू असताना अर्धी टाकून आली होती. तिने उठून सायकल उचलली, भिंतीला लावली आणि रत्नमालाच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

"जड नोको उचलू," ती म्हणाली. सहा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द.

ती का आली ते रत्नमालाला तत्क्षणी कळलं. कोणीतरी फोन केला होता. आता खरं सांगायचं, एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. निघालं की गुड्डी उठून जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. थोडं थांबू, चहा होऊ दे, असं तिने ठरवलं. चहा झाला. मग म्हणाली, स्वयंपाक होऊ दे.

गुड्डीने तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. भात टाकला, लाखोरीच्या डाळीचं वरण केलं, मीठ अगदी बेताने, किडनीला मीठ चालत नाही म्हणून. मधेच तिला ओढून समोर बसवलं आणि तेल लावून तिचे केस विंचरले. लहानपणी रत्नमाला गुड्डीचे विंचरायची, आता उलटं झालं होतं. डोक्यावरून ते ओळखीचं बोट फिरत होतं आणि रत्नमाला डोळे मिटून बसली होती. खोटं तर खोटं, पण एवढं सुख तिला सहा वर्षांत मिळालं नव्हतं. आपण खरंच आजारी असतो तर किती बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

ताराचंद पाळीवरून आला, दोघींना एकत्र जेवताना पाहिलं आणि तसाच बाहेर जाऊन बसला. तोही शहाणा माणूस.

गुड्डी ताटात बोट फिरवत म्हणाली, "बाई, मी काल साकोलीच्या दवाखान्यात इचारून आली. दोन राहातेत म्हणते माणसाले. एकावर बी भागते. बहिणीची लवकर जुळते म्हणते." मग तिने मान वर केली. "माही एक घे."

 आता मात्र गप्प राहणं पाप होतं.

"गुड्डी, मले काई नाही झालं."

"मले नोको शिकवू. गावात सारे सांगून राहिले, तू अशीच म्हणते."

तेव्हा रत्नमालाने पावतीपुस्तक आणून दिव्याखाली धरलं आणि तळाची मुंगीएवढी ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. प्रविणसरांना फोन लावून त्यांच्याच तोंडून ऐकवलं. गुड्डी ऐकत गेली आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"म्हणजे तू चांगली हायेस."

"हो."

"आन् मी आली तवापासून तुले माहीत होतं, मी कायले आली ते?"

"हो."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तू गेली असती," रत्नमाला म्हणाली, आणि मग सहा वर्षं साठलेलं सगळंच बाहेर आलं. "गुड्डी, आईच्या येळेस मी थांबाले पाहिजे होतं. लोकायनं म्हटलं आन् मी मान हलवली. पाऊस बी नाही आला त्या दिवशी. माहं चुकलं. माफ नाही केलं तरी चालते, पण माहं चुकलं."

 गुड्डीने ताटं उचलली, घासली, पालथी घातली. आपल्या पिशवीला गाठ मारली आणि ती उशाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून निजली. "सकारच्या सातच्या गाडीनं जाऊन राहिली मी," एवढंच भिंतीला सांगितलं. तिचा राग काही खोटा नव्हता. माणसाने आपलं काळीज काढून द्यायला यावं आणि समोरच्याने ते चहाबरोबर, भाताबरोबर चाखत बसावं, याला काय म्हणायचं?

पहाटे पाचला रत्नमाला निघाली तेव्हा गुड्डी तशीच पडून होती. झोपली होती की नाही, कळलं नाही. "येतो बरं गुड्डी," ती दारातून म्हणाली. 

फेरीत चाळीस जण होते, बहुतेक तिच्या निम्म्या वयाचे. कारध्याचा पूल ओलांडेपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. सात वाजले आणि तिचे पाय जड झाले. आता गाडी फाट्यावर आली असेल. आता गुड्डी चढली असेल. आता लाखनी मागे पडली असेल. सागाचा पाचोळा चाकाखाली कुरकुरत होता, बोडीच्या तळ्यावर ऊन आलं होतं, ज्याची तिने महिनाभर हौस धरली ते सगळं आजूबाजूला होतं, आणि तिला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बिनापिशवीचं जायचं होतं ना? मग आज पाठीवर एवढं ओझं कुठून आलं? रडू आलं की ती गिअर बदलायची, एवढाच त्या गिअरचा उपयोग.

परतीला चढावर साखळी उतरली. मागचे सगळे पुढे गेले. मंडळाची जीप जवळ आली. प्रविणसर म्हणाले, "ताई, बसा आता, सगळे पोचले. तुमची वर्गणी तर केव्हाच जमा झाली. आता कोण बघतंय?"

"नाही सर," ती म्हणाली. "लोकायनं पैसे सायकलसाठी नाही, माझ्यासाठी दिले आहेत. पुरं करू द्या." तिने काळ्या हातांनी साखळी चढवली. खरं कारण वेगळं होतं. जीपमध्ये बसलं की लवकर घरी जावं लागलं असतं, आणि घरात आता कोणी नव्हतं.

भंडाऱ्याच्या मैदानावर ती पोचली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. बक्षिसं वाटून झाली होती. मांडववाले कनात सोडत होते, खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवत होते. एक खुर्ची तेवढी उरली होती, कारण तिच्यावरची बाई उठायला तयार नव्हती. मांडीवर गाठ मारलेली पिशवी, कपाळावर आठ्या.

रत्नमाला सायकलवरून उतरली. 

"तू गेली नाहीस?"

"सातची गेली, दहाची गेली, बाराची बी गेली," गुड्डी म्हणाली. आवाजात राग तसाच होता. "सारे लोक येऊन गेले आन् तुहाच पत्ता नाही. तो खुर्चीवाला तीनदा उठ म्हणून गेला."

"मंग थांबली काहून?"

गुड्डीने पदराच्या टोकाने तिच्या गालावरचं साखळीचं काळं खसाखसा पुसलं, दुखेल इतकं.

"मी तुह्यासारखी नाही, बाई," ती म्हणाली. "मी वाट पाहातो."