राणी रंगाची चांदणी

सुषमाच्या डोक्यात नाताळबाजाराचं खूळ शिरलं ते गणपती उठल्या-उठल्या. सुरतेतल्या लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत घरोघरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम चालतं. सुषमाच्या घरी तर साडीच्या कडेला लावून उरलेल्या लेसच्या पिशव्याच्या पिशव्या पडून असत. एका दुपारी तिने सहज एका पट्टीला खळ दिली, वाळवली, पाच घड्या घातल्या, मधोमध एकाच दोऱ्याने आवळली आणि उलगडून बघते तर हातात चक्क चांदणी! राणी रंगाची, जरीच्या काठाची. तिचं तिलाच हसू आलं.

तिची धाकटी जाऊ वर्षा तेव्हा समोरच बसली होती. वर्षा सुरतेतच वाढलेली, गुजराती अशी फाडफाड बोलायची की समोरच्याने तिला पटेलांची पोर समजावं. तिनेच मोबाईलवर दाखवलं की नदीपलीकडे एका हॉलच्या मैदानात नाताळबाजार भरतो. भरवणाऱ्या हेतलबेन मुलींसाठी शिवणकलेचा वर्ग चालवत, आणि त्या वर्गाला शिकवणारी बाई त्या याच बाजारातून निवडणार होत्या.

ते ऐकलं आणि सुषमाच्या मनाने उडी घेतली. वीस वर्षं जमिनीवर बसून मान मोडेपर्यंत टिकल्या चिकटवलेली बाई ती. आपल्यालाही कुणी 'बेन' म्हणावं, आपण खुर्चीवर बसावं आणि चार पोरींनी आपल्या हाताकडे बघत शिकावं, एवढंच तिला हवं होतं. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नाही, फक्त वर्षाला सांगितली. वर्षा म्हणाली, "ताई, तूच जाशील. दुसरं कोण आहे?"

स्टॉल वर्षाच्या नावावर घेतला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, सुषमाला तर नाहीच. गल्लीची रीतच ती. साड्यांचं काम देणाऱ्या शेठच्या माणसाशी ज्या बाईला बोलता येतं, तिच्या एकटीच्या नावावर सगळ्या घराचा माल येतो, मग चिकटवणारे हात कुणाचे का असेनात. नाव म्हणजे माल आत यायचं दार, याहून जास्त किंमत त्याला कुणी कधी दिलीच नव्हती.

बाकी सगळं सुषमाचं. दवाखान्यातल्या ख्रिश्चन नर्सबाईंना गाठून तिने विचारून घेतलं की चांदणी लावतात कुठे. दाराबाहेर, आत बल्ब सोडून, असं कळल्यावर तिने जाड लेस बाजूला टाकली आणि उजेड झिरपेल अशी जाळीची लेस निवडली. दारासाठी मोठी चांदणी, झाडासाठी लहान, आणि लेकरांनी हट्ट करावा म्हणून अगदी खाली, त्यांच्या हाताशी, इवल्या चांदण्यांच्या माळा. टेबलावर ढीग मांडायचाच नाही, बांबू आडवे बांधून सगळं वरून सोडायचं, म्हणजे माणूस चांदण्यांखालून चालत आत येईल. साड्यांचे रिकामे खोके कापून तिने माल न्यायला डबे केले. आणि आपण स्वतः कोपऱ्यात बसून तिथेच चांदण्या करायच्या, कारण वस्तू बनताना दिसली की माणूस थांबतोच.

पहिल्या दिवशी वर्षाने तोंड पाडलं. सगळा बाजार लाल-पांढरा, आणि यांचा स्टॉल राणी, पोपटी, हळदी! "ताई, हळदीचा मांडव वाटतोय गं," ती कुरकुरली. पण दिवे लागले आणि लांबून लोकांना तेवढाच एक स्टॉल दिसायला लागला. दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षा पुढे उभी राहून बोलायची, हसवायची, डबे बांधायची. सुषमा मागे पदर खोचून बसलेली, हात थांबत नव्हते आणि मान वर होत नव्हती. कुणी काही विचारलंच तर ती वर्षाकडे बोट दाखवायची. मूर्खपणा म्हणा हवा तर, पण तिला तो जावेजावेतला मेळ वाटत होता.

शेवटच्या संध्याकाळी हेतलबेन माईक घेऊन उभ्या राहिल्या. सगळ्यात सुंदर स्टॉल वर्षाबेनचा, असं त्यांनी जाहीर केलं, आणि जानेवारीपासून आमच्या मुलींना ही कला वर्षाबेनच शिकवतील, असंही. टाळ्या पडल्या. सुषमानेही टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, स्टॉल जिच्या नावावर तिचं नाव घेतलंय, आता वर्षा जाऊन सांगेल. वर्षा गेली, माईक हातात घेतला आणि म्हणाली, "माझी जेठाणीसुद्धा मला खूप मदत करते." आणि लोकांनी सुषमासाठीही दोन टाळ्या वाजवल्या.

परतताना रिक्षात सुषमा वर्षाकडे वळली. घरच्या अहिराणीत म्हणाली, "वर्षा, तू हाई काय करं व? मनं नाव का नई सांगं?"

"अगं ताई, एवढ्या लोकांपुढे एकदम काय सांगणार? नंतर सांगते ना त्यांना शांतपणे. तू टेन्शन नको घेऊ." आणि वर्षाने तिच्या मांडीवर हात ठेवला. हीच वर्षा एकोणीस वर्षांची नवी नवरी होऊन आली, आणि पुढे तिची दोन्ही बाळंतपणं सुषमाने केली होती. त्या हाताचं वजन तिला सहन होईना.

घरी तिने नवऱ्यापुढे सगळं ओतलं. गजेंद्र आता भडकेल, भावाला हाक मारेल, असं तिला वाटलं होतं. तो भाकरी मोडत राहिला.

"मीच तिले सांगं तसं," तो म्हणाला. "तुले तठे बोलता येस का? नाव घरमाच उनं ना शेवटी? मंग?"

म्हणजे याला आधीपासून ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक होतं, आणि बाजारात टाळ्या वाजवत बसलेली ती एकटीच. सुषमा त्या दिवशी जेवली नाही, आणि ती जेवली नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तिने वाट पाहिली. जानेवारी लागला, वर्षा इस्त्रीची साडी नेसून वर्गाला जायला लागली. विचारलं की म्हणायची, "सांगते ना, ताई." मग विचारायच्या आधीच म्हणायला लागली, आणि पुढे तर समोर यायचीच बंद झाली. तेव्हा सुषमाने ठरवलं की आपलं तोंड आपणच उघडायचं. भांडी घासताना, टिकल्या चिकटवताना ती मनातल्या मनात गुजराती वाक्यं घोकत राहिली. वर्षाच्या सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून ती वर्गात जाऊन उभी राहिली.

हेतलबेन भल्या बाई होत्या. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. सुषमाने अडखळत, पण एकही वाक्य न चुकता सांगितलं: ही चांदणी माझी आहे, पहिली मी केली, वर्षाने माझ्याकडून घेतली.

हेतलबेन तिच्याकडे मायेने बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वर्षाबेनने सांगितलं होतं, तुम्ही एक दिवस याल म्हणून. धाकटी पुढे गेली की मोठीला वाईट वाटणारच. पण त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही हं. उलट मला म्हणाल्या, ताई आल्या तर त्यांना काही बोलू नका."

जे जे ती बोलू शकली असती, ते ते वर्षाने आधीच येऊन खोटं करून ठेवलं होतं. आता एकच गोष्ट उरली होती. तिने समोरच्या टोपलीतली लेसची पट्टी उचलली. भोवती मुली जमल्या. जन्मात केली नव्हती इतकी सुबक चांदणी तिने त्या दिवशी केली. पाचही टोकं सारखी, कुठे चुणी नाही, मधली गाठ दिसतसुद्धा नव्हती. मुलींच्या तोंडून "अरे वाह!" निघालं. सुषमाने मान वर करून हेतलबेनकडे बघितलं.

हेतलबेननी चांदणी उजेडात धरली, फिरवून फिरवून पाहिली. त्यांचे डोळे कौतुकाने भरले होते.

"बघा गं मुलींनो," त्या म्हणाल्या, "वर्षाबेनने यांनाही किती सुंदर शिकवलंय!"